नाताळच्या फराळाचं फोल्डर

श्रीगोंदा,
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

लाडक्या नॅनूस,

तुला आणि हन्नामावशीला स्टेलाताईचा प्रभूच्या नावात सलाम. आम्ही इकडे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीनं धरलाय, तरी रविवारी उपासनेला देवळात चालत गेली, रिक्षा नको म्हणाली. तुझ्या जबड्याची तार कधी काढणार ते मावशीनं कळवलंच नाही. ज्वारीची पेज गाळून, तूप घालून दे म्हणावं तिला. नुसत्या चहावर राहू नकोस.

सेवा केंद्रात शेतकऱ्यांच्या केवायसीची झुंबड आहे. नवा प्रिंटर आणला, तो आठ दिवसांत बसला. विकणाऱ्याला फोनवर असा झाडला की दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन बदलून दिला.

पत्र कशाला लिहिते, असं म्हणशील. अगं, बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते.

परवा तुझी शेजारीण रंगुबाई आली होती. कर्जतहून एसटीनं, एकटी. तुझी कपड्यांची पिशवी घेऊन आली, तू तिच्याकडे लपवून ठेवलेली. दारातच रडायला लागली. म्हणाली, "बाई, तुजी भन मला चुगलखोर म्हनती. पोरीनं पुन्याला जायचं फकस्त मला सांगितलं हुतं, पन म्या कुनाला अवाक्षर बोलले न्हाई. लेकराची आन घेते." मी तिला बसवलं, चहा दिला. ती तशीच डोळे पुसत गेली.

तिनं पहारीनं तुमच्या दाराची कडी तोडली नसती, तर आज तू नसतीस. आत शिरून तुझ्या त्या मुडद्या नवऱ्याच्या गुडघ्यावर तीच पहार घातली आणि तुला टेम्पोत मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. आणि वकीलबाई म्हणाल्या, तू तिचं नाव साक्षीदारांतून काढायला सांगितलंस. तिनंच सायमनला पुण्याचं सांगितलं म्हणून तिच्यावर तुझा भरवसा नाही. नॅनू, गुरुवारी कोर्ट आहे. तो सांगतोय, बायको जिन्यावरून पडली. त्या घरात काय चाललं होतं ते डोळ्यांनी पाहणारी एकटी रंगुबाई आहे.

तिनं नाही सांगितलं. मी सांगितलं.

आता पत्र फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग फाड.

नाताळ होऊन दोन आठवडे झाले असतील. त्या दिवशी सायमन तुमचा लॅपटॉप घेऊन केंद्रात आला. जुन्या ब्राउझरमध्ये बँकेचं पान उघडत नाही, नवा टाकून द्या आणि सगळे बुकमार्क, म्हणजे खुणा करून ठेवलेली पानं, त्यात आणून द्या, म्हणाला. मी खुर्ची दिली, चहा मागवला. जावई ना! काम पाच मिनिटांचं. जुन्यातले बुकमार्क एका फाइलीत काढले, ती फाइल नव्याला दिली, सगळी फोल्डरं जशीच्या तशी आली. तिथं थांबले असते तर काही झालं नसतं. पण माझी खोड तुला ठाऊक आहे. एकेक पान उघडून चालतंय का बघितल्याशिवाय मी लॅपटॉप परत देत नाही. त्याची बँक बघितली, क्रिकेट बघितलं. मग तुझं 'नाताळचा फराळ' नावाचं फोल्डर उघडलं. मनात म्हटलं, पोरीला अजून करंजीचं सारण जमत नाही वाटतं.

पहिलंच पान कानाचं. मारानं कानाचा पडदा फाटला तर काय करावं. त्याखाली बरगडीचं. मग बायकांची हेल्पलाइन, पुण्यातली नर्सची जागा, नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह, कर्जत-पुणे गाड्यांच्या वेळा.

नाताळात तू म्हणाली होतीस, ताई, सर्दीनं कान बसलाय. आणि मी त्यात कोमट तेल घातलं गं! फाटलेल्या पडद्यात! तू दात आवळून बसलीस आणि मी म्हटलं, नाटकं नकोत.

माझं डोकंच फिरलं. उठले आणि त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडाला. दुसरी दिली, तिसरी दिली. टेबलावरचं कागदाला भोकं पाडायचं लोखंडी मशीन होतं, ते खांद्यात हाणलं. केंद्रात दहा-बारा माणसं उभी होती. सगळ्यांदेखत ओरडले, "कान फोडलास माझ्या बहिणीचा? तिनं सगळं साठवून ठेवलंय इथं! पुण्याला निघालीय ती, तू बस हात चोळत!"

त्यानं उलट हात उचलला नाही. चष्मा शोधला, शर्टाला पुसला, लॅपटॉप पिशवीत घातला. "येतो, ताई," म्हणाला आणि गाडीवर बसून गेला.

तेव्हा साडेबारा वाजले होते. त्यानं तुझ्यावर हात टाकला तो चारनंतर. मधल्या वेळात मी तुला एक फोन केला नाही. कामात नव्हते गं मी. लोक म्हणत होते, बाई असावी तर अशी! मी फुगले होते. नवा माणूस आत आला की त्याला पहिल्यापासून सांगत होते, कशी वाजवली ते हात करून दाखवत होते. एकदाही मनात आलं नाही की तो आता कुठं गेला असेल.

माझा राग त्यानं तुझ्यावर काढला. तोच लॅपटॉप तुझ्या जबड्यावर घातला. तुझी नर्सिंगची सर्टिफिकिटं चुलीत घातली. आणि मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून तुलाच विचारलं, "कुणी सांगितलं गं त्या हरामखोराला?" तू कागदावर रंगुबाईचं नाव लिहिलंस. मी वाचलं आणि मान डोलावली. महिनाभर हे मी उरावर घेऊन फिरतेय. 

आज सकाळी कर्जतला जाऊन वकीलबाईंना सगळं लिहून दिलं, त्याला मारलं तेही. त्या म्हणाल्या, तुमच्यावरही तक्रार होईल. होऊ दे. त्याला पुण्याचं कसं कळलं हे न्यायाधीशांसमोर मी सांगणार.

पण मार मी पाहिला नाही, रंगुबाईनं पाहिला. मावशीला सांगून वकीलबाईंना फोन करायला लाव आणि तिचं नाव परत घाल. ते बुधवारी संध्याकाळपर्यंतच होईल, म्हणून हे पत्र टपालात न टाकता माणसाच्या हाती पाठवतेय. मला माफ करायचं की नाही, त्याला जन्म पडलाय. नाही केलंस तरी मी तुला चकार शब्दानं बोल लावणार नाही.

तुला मार खायला लावणारी,
तुझीच ताई,
स्टेला