पिवळ्या पट्ट्याची पॉलिसी

३ मार्च
करार लिहून पूर्ण. चार पानं. अध्यक्ष म्हणत होते, वकील लावा. मी म्हटलं, कॉलनीच्या पोहण्याच्या तलावाचा करार आहे, दोन देशांमधला तह नव्हे. मग सचिव कशाला असतो?

सगळ्यात झकास उतरलीय ती व्याख्या. 'ऑपरेशनल पॉलिसीज म्हणजे तलावाच्या कामकाजाबाबतचा असा कोणताही लेखी कागद, जो तलावाच्या फलकावर सात दिवस लागलेला आहे आणि ज्यावर त्या सात दिवसांत कोणत्याही पक्षाने लेखी हरकत घेतलेली नाही. अशा पॉलिसीज कराराचाच भाग मानल्या जातील, करारात काही वेगळं असल्यास पॉलिसीच वरचढ ठरेल, आणि त्या आवारातल्या प्रत्येक व्यक्तीला लागू राहतील.' मोठ्याने तीनदा वाचली. बायकोने उठून दार लावून घेतलं.

हेतू सरळ आहे. तलाव चालवणाऱ्या बाई बारीकसारीक बदलालाही दोघांच्या सह्या मागतात. आता सही नको. कागद लावायचा, सात दिवस गप्प बसायचं, की झाला करार. फलक शॉवरच्या मागे आहे, तिकडे कुत्रंही फिरकत नाही.

३० तारखेला अध्यक्षपदाची निवडणूक. सकाळचे सहा ते सात फक्त पोहता येणाऱ्या सभासदांसाठी राखून देईन, असा मी शब्द देऊन बसलोय. सध्या त्या वेळात बाईंची मोठ्यांची शिकाऊ बॅच असते. अकरा बायका काठ धरून तासभर नुसते पाय मारतात.

निश्चय: निवडणुकीआधी स्वतः पोहायला शिकणे.

४ मार्च
घसा खवखवतोय. मोबाइलवर पोहण्याचे तीन व्हिडिओ पाहिले. तंत्र समजलं. म्हणजे अर्धं काम झाल्यातच जमा.

६ मार्च
सह्या झाल्या. बाईंनी चारही पानं शब्दन् शब्द वाचली. तास घेतला. एकच प्रश्न विचारला: फलकावर कागद कोणी लावायचा, ते यात कुठे आहे? मी हसलो. म्हटलं, बाई, ज्याला काम असेल तो लावेल. त्यांनी तेवढं वाक्य समासात लिहून घेतलं आणि त्याखाली माझी छोटी सही मागितली. मी मोठी केली.

८ मार्च
पॉलिसी क्रमांक १ लावली. सकाळी सहा ते सात फक्त पोहता येणाऱ्यांसाठी. चार टाचण्या. लांबून पाहिलं. भारदस्त दिसते.

९ मार्च
बाईंची लेखी हरकत. दोन ओळी. पॉलिसी १ बाद. हरकतीची तरतूद माझीच. करार न्याय्य दिसावा म्हणून घातली होती. कोणी खरोखर वापरेल असं वाटलं नव्हतं.

१० मार्च
पॉलिसी १ (सुधारित) लावली. हरकत.
पॉलिसी १ (अंतिम) लावली. हरकत. हिच्यावर बाईंनी शुद्धलेखनही तपासून दिलं.

निश्चय: महिनाअखेरपर्यंत फलकाकडे ढुंकूनही न पाहणे. माणसाने मोठ्या गोष्टींकडे लक्ष द्यावं.

१२ मार्च
बायको म्हणाली की फलकावर बाईंचाही एक कागद दिसतोय. म्हटलं, कोणाचा तरी गॉगल हरवला असेल.

सासूबाईंनी बाईंच्या बॅचमध्ये नाव घातलं. वय अडुसष्ट! जेवताना त्यांना धोके समजावून सांगितले. सांधे, सर्दी, क्लोरीन. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि ओले कपडे ठेवायला पिशवी आहे का, असं विचारलं. जास्त बोललो नाही. फ्लॅट त्यांचा आहे. म्हणजे मी घरजावई नाही. त्यांना सोबत म्हणून राहतो, गेली एकोणीस वर्षं. कॉलनीतही मूळ सभासद त्या, मी त्यांचा प्रतिनिधी. कागदोपत्री.

१५ मार्च
गॉगल घेतला. आरशासमोर घालून पाहिला. खांदे पोहणाऱ्याचे वाटतात.

१८ मार्च
घोर अपमान. सकाळी पाहणीला गेलो तर पहारेकऱ्याने अडवलं. बिचारा ओशाळला होता. म्हणाला, साहेब, पिवळ्या पट्ट्याच्या आत येता येणार नाही. फलकावर बाईंची पॉलिसी २: शिकवणीची वेळ सोडून एरवी ज्याला पंचवीस मीटर पोहता येत नाही, त्याने काठाच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत पाऊल टाकू नये. टाकायचंच असेल तर नारिंगी लाइफ जॅकेट घालावं. दहा तारखेला लावलेली. सात दिवस झाले. हरकत शून्य. मी पहारेकऱ्याला विचारलं, तू मला ओळखत नाहीस? तो म्हणाला, ओळखतो म्हणून तर अडवलं.

१९ मार्च
हरकत नोंदवली. बाईंनी पत्र घेतलं, पोच दिली, आणि मुदत संपल्याचं अदबीने सांगितलं.
'पॉलिसी २ रद्द' अशी पॉलिसी ३ लावली. दहा मिनिटांत हरकत. त्या बाईंना दुसरं काम नाही का?

२० मार्च
मेहुण्याला फोन केला. तो वकील आहे, पण आपला माणूस. व्याख्या वाचून दाखवली. तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला की अशा व्याख्येत चार गोष्टी लागतात. पॉलिसी कोणाची, बदलायची कोणी, कळवायची किती दिवस आधी, आणि भांडण झालं तर करार वरचढ की पॉलिसी. भाओजी, तुम्ही शेवटच्या दोन लिहिल्यात आणि पहिल्या दोन पाण्यात सोडल्यात. आता आपलेच दात, आपलेच ओठ. एक प्रत मागितली, ऑफिसात दाखवायला. माझ्या मसुद्याची वकिलांत चर्चा होणार तर.

२२ मार्च
नवीन अडचण. निवडणुकीची सभा दरवर्षी तलावावर भरते. सभासद समोरच्या पायऱ्यांवर, आणि माइक खोल बाजूच्या काठावर, जमिनीत पक्का बसवलेला. पिवळ्या पट्ट्याच्या आत. म्हणजे उमेदवाराचं भाषण एक तर पोहून, नाही तर जॅकेट घालून. बाईंना विचारलं, एका दिवसाची सूट? त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी भाषणाच्या भरात तुमचा एक पाय काठाबाहेर गेला होता, मी मागून शर्ट धरला होता. मला आठवत नाही. शर्ट घट्ट वाटला होता एवढं खरं.

निश्चय: सात दिवसांत पंचवीस मीटर. म्हणजे रोज साधारण साडेतीन. लहान मूलही करेल.

२३ मार्च
पाणी फार गार. शून्य मीटर. बाई म्हणतात, तोंड पाण्यात घालून श्वास सोडा. मी म्हटलं, श्वास ही ज्याची त्याची खासगी बाब आहे.

२४ मार्च
दोन मीटर. पैकी दीड चालत.

२५ मार्च
पाठ धरली. आज थिअरी.

२६ मार्च
थिअरी.

२७ मार्च
सासूबाईंनी पंचवीस मीटर पूर्ण केले. न थांबता. सगळी बॅच टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, त्यात हातातला फ्लोट निसटला आणि मी तळाशी गेलो. पाणी कमरेएवढंच होतं, पण उभं राहायचं सुचलं नाही. सासूबाईंनी दंडाला धरून वर काढलं. पुढे कुठे वाच्यता केली नाही. सासूबाई मोठ्या मनाच्या.

२९ मार्च
बाईंसमोर रीतसर परीक्षा. शेरा लेखी मागितला, मिळाला: 'उमेदवार सहा मीटरवर दोरीला धरून बोलू लागले.' बोललो ते मुद्द्याचं होतं. सकाळच्या वेळेबद्दल होतं.

३० मार्च
भाषण केलं. जॅकेट घालून. नारिंगी रंग मला वाईट दिसत नाही. हनुवटी कॉलरमध्ये रुतत होती, त्यामुळे 'माझ्या बंधुभगिनींनो' नीट आलं नाही. मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. तरी सकाळी सहा ते सातचा मुद्दा ठणकावून मांडला. शिकाऊ लोकांनी दुपारी यावं, म्हणालो. दुपारी कोण येतंय, असं पायऱ्यांवरून अकरा जणी एकदम ओरडल्या.

मग सासूबाई उठल्या. जॅकेट न घालता सरळ पट्टा ओलांडून माइकपाशी गेल्या. म्हणाल्या की मला अडुसष्टाव्या वर्षापर्यंत कोणी पाण्यात उतरू दिलं नाही. आधी वडील, मग नवरा, मग सांधे. आता मला एक तास मिळालाय, तो मी कोणाला देणार नाही. माझा अर्ज लिहून घ्या.

कोणी तरी नियम वाचला. मूळ सभासद स्वतः उभा राहिला तर प्रतिनिधीचा अर्ज आपोआप बाद. सचिवपदही जातं. मतदानात माझं नावच नव्हतं. त्यामुळे मी हरलो, असं म्हणणं चुकीचं ठरेल.

त्या बोलत होत्या तेव्हा मला वाईट वाटलं. एकोणीस वर्षं एका घरात राहून हे मी एकदाही ऐकलेलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

१ एप्रिल
सकाळी सहा. अकरा बायका, नव्या अध्यक्ष म्हणजे सासूबाई, आणि मी. अध्यक्षांनी माझ्या हनुवटीखाली हात धरला होता. श्वास सोडला. तोंडातून बुडबुडे आले. बाई म्हणाल्या, बरोबर. तीन मीटर, चालून नव्हे.

बाईंचा करार दुरुस्त करायचाय. व्याख्या नव्याने लिहावी लागेल. अध्यक्षांनी काम मेहुण्याला दिलं. मी चहाच्या वेळी समोरच बसलो होतो, पेन खिशाला लावून. मला कोणी विचारलं नाही.