डाव्या अंगाची शिवण

आई, ताईच्या मोरपंखी ब्लाउजची डावी शिवण उसवून पुन्हा घातलेली मला दिसली, तिथं माझं सगळं बदललं. त्याच्या आधीचा मी म्हणजे गारखेड्यातला एक रिकामटेकडा, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेला, नाकावर राग घेऊन फिरणारा. गल्लीत सांगतात की पोरानं बहिणीच्या आजारपणात शिक्षण सोडलं. ऐकायला बरं वाटतं म्हणून मीही कुणाचं खोडून काढत नाही, पण तुला काय खोटं सांगू? कॉलेज आधीच सुटलं होतं. हजेरी भरत नव्हती, सरांनी सगळ्या वर्गासमोर टोकलं, मी उलट बोललो आणि तावातावात बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. हजेरी भरत नव्हती कारण मी गुलमंडीत एका मॅचिंग सेंटरसमोर उभा असायचो. गल्ल्यावर तिचे वडील, अस्तर आणि फॉलच्या बाजूला ती. ताईला लागो न लागो, मी रोज काहीतरी आणायचो. घरात राणी रंगाची रिळं इतकी झाली की ताई म्हणाली, "एवढ्या राणी रंगात मामाच्या अख्ख्या सोयगावची लग्नं उरकतील. ती पोरगी बोलती तरी का तुझ्याशी?" बोलायची की. पहिल्या महिन्यात एवढंच बोलली, "एक मीटर का दीड?" पण कसं बोलली ते तुला ऐकवायला पाहिजे होतं.

तुझी मशीन अजून पुढच्या खोलीत खिडकीशीच आहे. तू गेल्यावर ताई तिच्यावर बसली ती बसलीच. लग्नाचं कुणी काढलं की ती कात्री उचलून म्हणते, "हां, बोला." मी हूक लावतो, इस्त्री करतो, घरोघरी पोचवतो. बायका अजून तशाच येतात, टेप लावून घ्यायला लाजतात, पिशवीतून जुना मापाचा ब्लाउज काढून फळीवर ठेवतात आणि निघतात. तू तो ब्लाउज हातात घेऊन बाई वाचायचीस. मला आठवतंय, तू शिवणीवरून बोट फिरवतेस आणि ताईला हळूच सांगतेस, "हिला दिवस गेलेत, अजून घरी सांगितलं नाय." किंवा, "ही पोर सासरी नीट जेवत नाय, बघ किती आत घ्यावं लागतंय." गल्लीतल्या सगळ्या बायांचं तुला त्यांच्या आधी कळायचं.

तर त्या दिवशी मी इस्त्रीला बसलो होतो. लग्नसराई, फळीवर चौदा ब्लाउज पडलेले. ढिगातून मोरपंखी हाती आला. उजवी शिवण जुनी, जागच्या जागी. डावी अर्धा इंच सैल केलेली, दोरा नवा. असली शिवण मी आयुष्यात एकदाच पाहिली होती. कुठं, ते शेवटी सांगतो. आधी वाटलं गिऱ्हाइकाचा असेल, मग गळ्याची पायपीन ओळखली. ताईचाच होता.

"हे कधी केलंस?"

"काय ते? इस्त्री कर गप."

"डाव्याच बाजूची कामून?"

मशीन थांबली. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बारीक गाठ आहे, शिवण तिला घासती. दुखत नाय रे. दुखत असतं तर दवाखान्यात गेले असते." बस, माझं डोकं फिरलं. काय काय ओरडलो ते लिहीत नाही, तुझ्यासमोर शोभणार नाही. ताई म्हणाली, सराई उरकली की बघू. मी खाली वाकलो, मशीनच्या चाकावरचा चामडी पट्टा उतरवला आणि खिशात घातला. "दवाखान्यात चल. मग पट्टा मिळंल."

ताई कात्री घेऊन माझ्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत धावली. बायका गॅलरीतून हसत होत्या. "अगं, काय नेलं त्यानं?" "माझा पट्टा नेला मेल्यानं!" दुसऱ्या दिवशी सकाळी दोन नवरींच्या आया दारात येऊन बसल्या. एक म्हणाली, "बाई, हळद उद्यावर आली, तू जा ना एकदाची त्याच्यासंगं, काय मागतोय तो?" काय मागतोय ते तिला सांगितल्यावर तिनंच ताईची चप्पल सरळ करून पुढं ठेवली.

सोनोग्राफी झाली, छातीचा दाबून काढतात तो फोटो झाला, सुई घालून तुकडा तपासला. गाठ हरभऱ्याएवढी. कॅन्सरची होती, आई. पण हरभऱ्याएवढी, आणि होती तिथंच बसलेली, कुठं पसरलेली नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेक गाठी साध्या निघतात. तुमची नव्हती. पण वेळेत आलात, माझं काम सोपं केलंत." मग त्यांनी कागदावर आपल्या घराण्याचं झाड काढायला घेतलं. आईला? व्हय. किती वर्षांची असताना? मी सांगितलं. आजीला? ताई म्हणाली, आजी पोटदुखीनं गेली. डॉक्टरांनी कागदावरून पेन उचललं नाही. "पोटदुखीच होती, असं कोण म्हणतं?"

म्हणून मी सोयगावला गेलो. मामा गोठ्यात होता. तुझ्या भावाला तू ओळखतेस, त्याच्याकडून सरळ उत्तर काढणं म्हणजे दिवस घालवणं. आधी चहा, मग कपाशी, मग पुन्हा चहा. शेवटी मी म्हणालो, "मामा, आजी कशानं गेली?"

"तुला कशाला पाहिजे? पोटातलं दुखणं व्हतं."

"ताईला गाठ निघालीय."

मामानं हातातली बशी खाली ठेवली. मग त्यानं सदऱ्याच्या वरच्या खिशावर दोन बोटं टेकवली, जिथं त्याची तंबाखूची पुडी असते. "इथं. लई दिस. मायनं कुनाला दावली नाय, आन आमाला त्या जागेचं नाव घ्यायची लाज. म्हनून पोट म्हनलो." एवढं बोलून त्यानं मला बजावलं, "आता बोभाटा करू नको. माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायचीत."

झाडावर आजीच्या नावापुढं खूण झाली आणि डॉक्टरांनी ताईच्या रक्ताची जनुकीय तपासणी सांगितली. एक बारीक नळी रक्त, मग काही आठवड्यांची वाट. निघालं ते खरंच. आजीकडून तुला, तुझ्याकडून ताईला उतरलेला एक दोष. मला वाटलं, ऐकून ताई कोसळेल. ती म्हणाली, "म्हणजे मी काही वाईट केलं म्हणून झालं नाय ना हे?" डॉक्टर म्हणाल्या, अजिबात नाही. ताईनं इतका मोठा श्वास सोडला की मला हसू आलं. इतके दिवस ती मनातल्या मनात काय काय मोजत होती कुणास ठाऊक. आता दुसऱ्या बाजूवर नजर कशी ठेवायची, पुढं काय करायचं, याचे पर्याय त्यांनी समजावून सांगितले. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आणि आता नवीन आलेत ते चक्क कुरळे. आरशात बघून म्हणते, "पार्लरवालीला जमलं नसतं असं." काल तिनं दिवसात पाच ब्लाउज शिवून उतरवले आणि वर माझ्या हुकांना नावं ठेवली.

आणि तुझी मशीन आता काय काम करते ते ऐक. मापाचा ब्लाउज कुणी ठेवला की ताई विचारते, "महिन्यातून एकदा हातानं बघता का?" बाया पदर तोंडाला लावून हसतात, मग एक एक करून खुर्ची जवळ ओढतात. आणि कुणी एकाच अंगाची शिवण सैल करायला आणली तर ताई सुई उचलत नाही. "आधी दाखवून या, मग शिवते." खुलताबादची एक म्हातारी चिडून गेली आणि आठ दिवसांनी पेरूची पिशवी घेऊन आली. तिची गाठ साधी निघाली. पेरू लई गोड होते.

आता माझं. डॉक्टर म्हणाल्या, हा दोष भावाकडंही असू शकतो, पुरुषालाही छातीत गाठ होते, कमी, पण होते. मी हसलो. रक्त दिलं. माझ्यातही निघाला. माझ्या लेकरांना यायची शक्यता निम्मी-निम्मी. आता मी महिन्यातून एकदा शर्ट काढून आरशासमोर उभा राहतो आणि ताई बाहेरून ओरडते, "पैलवान, झालं का?"

पण मॅचिंग सेंटरवालीला हे माहीत नाही. येत्या रविवारी तिचे वडील आपलं घर बघायला येणार आहेत, आई. आपल्याकडं! कॉलेज सोडलेल्या, हूक लावणाऱ्या तुझ्या पोराकडं! ती म्हणाली, "मी घरी सांगितलंय, मुलगा तापट आहे पण रिळं प्रामाणिकपणे घेतो." मी तीन दिवस जमिनीवर नव्हतो. मामानं फोनवर सांगितलं, लग्न होईस्तोवर तोंड शिवून घे. त्याच फोनवर त्याची थोरली मागून ओरडली, "दादा, मी पुढच्या सोमवारी येतेय तपासायला, पप्पाला सांगून झालंय!" मी इतका हसलो की फोन पडला.

आता शेवटचं, जे ताईलाही सांगितलेलं नाही. मी पाचवीत आहे, शाळा लवकर सुटलीय. तू दार लोटून मशीनवर बसलीयेस, हातात तुझाच लिंबोणी ब्लाउज, ब्लेडनं डावी शिवण उसवतेयस. मी विचारतो, "एकाच बाजूची कामून?" तू दचकतेस, मग हसतेस. "कुणाला सांगू नको हां. तुला चोरखिसा शिवून देते." आणि खरंच दिलास, खाकी चड्डीत आतून, दुसऱ्या कुणाच्या हाताला न लागणारा. त्यात मी गोट्या ठेवल्या आणि ती गोष्टही ठेवली. तू गेलीस तेव्हासुद्धा काढली नाही. पट्टा उतरवला त्या दिवशी मी ओरडत होतो ताईवर, पण ऐकवायचं होतं त्या पाचवीतल्या पोराला. तुझ्यावर राग नाही. खिसा लई सुरेख होता.

ती नाही म्हणेल का? म्हणू शकते. छातीत नुसता ढोल वाजतोय, भीतीचा आहे की लग्नातला ते कळत नाही. पण तिच्या वडिलांच्या आधी तिला कळलं पाहिजे, आणि माझ्या तोंडून. रिपोर्टाची घडी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलीय, टोक बाहेर दिसेल अशी. हे पत्र तुझ्या मशीनच्या ड्रॉवरात, बॉबिनच्या डबीखाली सारतो. ताई आतून विचारतेय, "कुठं निघालास? राणी रंग आणलास तर घरात घेणार नाय!" मी म्हणतो, "आज काहीच आणायचं नाय. सांगायला चाललोय." चपला घालतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.