ब्रेकवरचा पाय

४ जानेवारी, रविवार
आजपासून रुपालीबाई जीपवाल्या! सात वर्षं कंपनीत नट आवळले, आता मोकळ्या हवेत आवळायचे. हनुमंतभाऊंच्या चार जुनाट जीप दर रविवारी लोणावळ्याहून पर्यटकांना घेऊन औंढ्याकडच्या डोंगरात चढतात. रांगेतली शेवटची जीप माझी. भाऊ म्हणाले, गाड्या वाटेत मोडणारच, लोकांना त्याचीच मजा वाटते. मग हसू आवरून त्यांनी एक नियम सांगितला. चढावर कुणी गाडीखाली शिरलं की दुसऱ्यानं ब्रेक दाबून बसायचं. खालचा बाहेर येऊन "आलो" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. संध्याकाळी कान्हे गावी आईला फोन केला. ती म्हणाली, पाय जमिनीवर ठेव. म्हटलं, ब्रेकवर ठेवते की.

११ जानेवारी
पहिल्याच फेरीत माझ्या जीपनं नाक कापलं. खडकाळ चढावर चाकांकडे जाणारा शाफ्ट सुटला. तो सुटला की या गाड्यांचा गिअर धरत नाही आणि हँडब्रेकही. चाकांमागे दगड लावले, मी ब्रेक दाबून बसले, भाऊ खाली शिरले. वीस मिनिटांनी बाहेर येऊन ते "आलो" म्हणाले. पाय उचलणार, तेवढ्यात खालून पान्याची टकटक आली. भाऊ माझ्यासमोर हात पुसत उभे होते. त्यांनीही ती ऐकली असावी, कारण नंतर दिवसभर ते त्या जीपकडे फिरकले नाहीत.

१२ जानेवारी
शेवटी भाऊंनी सांगितलं. ही जीप आधी औंढ्याचा सत्यम चालवायचा. गेल्या वर्षी त्याच चढावर हाच शाफ्ट सुटला. बाकीच्या जीप पुढे गेल्या होत्या. त्याची आई रतनबाई तिथंच गवत कापत होत्या, म्हणून त्यानं आईलाच ब्रेकवर बसवलं. गाडी मागं सुटली आणि सत्यम तिच्याखाली सापडून गेला. रतनबाईंचा पाय घसरला, असं सगळे म्हणतात. त्याही तेच म्हणतात. एकुलता एक मुलगा. त्या अजून रोज त्या चढावर जातात आणि भेटेल त्याला सांगतात, "माजा सत्या आजून 'आलो' म्हनला न्हाई." मला फार रडू आलं. जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी, दुपार
पुन्हा तोच चढ. आज शाफ्ट तुटलाच. भाऊ सगळ्यांना घेऊन कामशेतला नवा आणायला गेलेत. चाकांमागे दगड लावून मी सावलीत बसले होते. टकटक सुरू झाली. मग अगदी साधा, दमलेला आवाज — "ताई, ब्रेक धरा जरा."
मी धावत जाऊन ब्रेक दाबला. खाली कुणी नाही हे मला माहीत आहे. तरी पाय उचलवत नाही.

साडेतीन
दगड निसटलेत. आता उठता येणार नाही. फोनला रेंज नाही. लिहीत राहिलं म्हणजे धीर राहतो.
मी विचारलं, सत्यमदादा, झालं का? टकटक थांबली. त्यानं विचारलं — आई आली का?

चार
रतनबाई आल्या. डोक्यावर गवताचा भारा. मी ओरडले, मावशी, चाकांमागं दगड लावा! त्यांनी भारा टाकला, दगड उचललासुद्धा — आणि टकटक ऐकली. दगड हातातून पडला. असा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही.
"आले रं बाळा," म्हणाल्या. आणि गाडीखाली शिरल्या —

मी विनवतेय, बाहेर या. त्या म्हणतात, हात घावलाय त्याचा, ओढते, तू फकस्त पाय धर पोरी.
दोन्ही पायांनी दाबतेय. खाली दोघं बोलतायत. हळू. मायलेकरं बोलतात तसं —

ब्रेक खाली जातोय. मी पूर्ण दाबलाय, पाय हललेला नाही, तरी आपोआप खाली — जमिनीला टेकत आला —
मावशी, ऐका! तेव्हा तुमचा पाय घसरला नव्हता. तुमची चूक नव्हती, मावशी, ब्रेकच धरत ना—