भुई नसलेला पाहुणा

३ ऑक्टोबर १९९५, दसरा
श्री. आज धरणगावहून पिंप्राळ्याला बिऱ्हाड हललं. दोन खोल्या, मोकळं अंगण, देवघराला पूर्वेचा कोनाडा. हे विज्ञान शिकवतात ती शाळा सायकलवर दहा मिनिटं. आमची सहा वर्षांची सुगंधा अंगणात नुसती हुंदडतेय. मागच्या खोलीत घरमालकीण ताईबाई अक्का एकट्या राहतात. त्यांची एकच अट: अंगणातला तांब्याचा हंडा सदा भरलेला आणि उघडा हवा. पाहुण्यासाठी म्हणे. नळ दिवसाआड, आणि हंडाभर पाणी नुसतं ठेवायचं! पण जागा मनासारखी, म्हणून हो म्हटलं.

७ ऑक्टोबर
दुपारी दोनला हंड्याला हात लागला तो चटकाच बसला. हंडा तर सावलीत. पाणी वीतभर उतरलेलं.

११ ऑक्टोबर
संध्याकाळी साडेसातला पुन्हा तसंच. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, त्याले भुई नही माय, उभं ऱ्हावाले जागा नही, तीस लागस त्याले. तीस म्हणजे तहान. वर टोमणा, मॅट्रिक शे ना तू, मंग मोज, कव्हय येस तो. मागच्या खेपेपासून केव्हा आला ते मोजलं. चार दिवस, साडेपाच तास.

१७ ऑक्टोबर
परवा रात्रीची वेळही जुळली. आज ह्यांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली. दुसऱ्याच एका सूर्याभोवती फिरणारा ग्रह सापडलाय. पन्नास प्रकाशवर्षं लांब, गुरूच्या निम्म्याएवढा, त्या सूर्याला इतका लगटून की हजार अंश ताप. नुसता वायू, पाय टेकायला जमीन नाही. त्याचं वर्ष चार दिवस साडेपाच तासांचं. माझी पोळी तव्यावर करपली. अंगणात नेऊन ह्यांनी पूर्वा भाद्रपदा नक्षत्राजवळची त्याची जागा दाखवली. बरोब्बर हंड्याच्या डोक्यावर. मी ही वही पुढे केली. हे हसले. मग हसायचे थांबले.

२० ऑक्टोबर
सकाळी साडेसहा. हंडा तळापर्यंत कोरडा. भरला. अक्का दिवाळीला भाचीकडे सोनगीरला गेल्या. जाताना दोनदा बजावलं, हंडा रिता ठेवू नको.

२४ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच सकाळी ग्रहण. सुटल्यावर आंघोळी झाल्या आणि घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतून दिलं. ग्रहणातलं पाणी ठेवू नये. कामाच्या ओघात हंडाही. चिंचेनं घासून पालथा घातला. नळ संध्याकाळी. पावणेबाराला आठवलं, बाराला त्याची खेप — पाण्यासाठी पाच घरं फिरले — सगळ्यांनीच ओतलेलं. परत आले तर बारा वाजून गेलेले. सुगंधा पालथ्या हंड्याशी पडलेली. अंग तव्यासारखं.

२५ ऑक्टोबर
दवाखाना. सलाईन. डॉक्टर म्हणतात, तीन दिवस पाणी न मिळाल्यासारखी सुकलीय. काल सकाळी तर दोन पेले प्यायली होती. शुद्धीवर आली, एवढंच म्हणाली, की तो माझ्यात उभा राहिला.

२७ ऑक्टोबर
सुगंधाला घरी आणलं. पाणी नको म्हणते, तोंड फिरवते. अक्का आल्या. हंड्यापाशी बसल्या. एकदा माणसात उभा राहिला की भांड्याकडे ढुंकत नाही म्हणाल्या. त्यांचा मुलगा भाईदासही — नऊ वर्षांचा — दुसऱ्या खेपेला गेला —
मी विचारलं, मोठं माणूस मध्ये बसलं तर? अक्कांनी माझा हात धरला. मग सोडलाच नाही.

२८ ऑक्टोबर
संध्याकाळचे पाच. त्याची वेळ साडेपाच. सुगंधा आत, हे उशाशी. हंडा बाजूला सारून त्याच्या जागी मी बसलेय. चार तांबे पाणी पोटात. नामस्मरण चालू.

पाच पंचवीस. शेजारी हंडा भरलेला — थंडगार — तरंगसुद्धा नाही —

साडेपाच. आत सुगंधानं पाणी मागितलं — आपणहून — पितेय, आवाज येतोय — देवा —

पेनातली शाई वाळते — जीभ — पाय भुईला लागत ना