देवदारांच्या वळणावर थांबणारी बस

कामिसावा,
६ ऑगस्ट

चि. मिचिरुस,
आईचे अनेक आशीर्वाद.

बाबा पितर होऊन घरी येणार ते हे पहिलं ओबोन, म्हणून सामान आलं ते असं: पांढरा कंदील, साडेतीन हजार येन (नुसत्या कागदाचे!). उदबत्तीचा पुडा, आठशे. देवळातल्या गुरुजींची दक्षिणा वीस हजार, तिथे घासाघीस करता येत नाही. बाबांना घरी यायला काकडीचा घोडा आणि परत जायला वांग्याचा बैल, एवढं परसातलंच होईल. माझे गुडघे बरे आहेत. तिकडे नागोयाला उकाडा फार असेल, डोक्यावर काहीतरी घेऊन बाहेर पडत जा.

माझी मागची पत्रं परत आली नाहीत, त्यावरून पत्ता बरोबर आहे असं धरून चालते. बाबा गेल्याचं कळवलं होतं. त्याबद्दल मी काही विचारत नाही.

आता इथली बातमी. बाबा बस चालवायचे त्या मार्गावर आता चालकाशिवायची बस सुरू झाली आहे. विद्यापीठाची माणसं शेवटची दोन वर्षं बाबांच्या बसमध्ये कॅमेरे लावून त्यांचं चालवणं टिपून घेत होती, ते या नव्या बसला शिकवायला. बाबांना केवढा अभिमान! जेवताना म्हणायचे, "निदान हा विद्यार्थी तरी उलट उत्तर देत नाही." मी मान खाली घालून भात वाढत असे.

बस छोटी आहे, सहा जणांची. पुढे स्टिअरिंगचं चाक नाही, चालकाची जागा नाही. तिथे एक पडदा आहे. बसला जे दिसतं ते त्यावर काढलेलं असतं: रस्ता, गाड्या, आणि जिथे माणूस असेल तिथे एक पिवळी बाहुली. आम्हा म्हाताऱ्यांना धीर यावा म्हणून ही सोय. मी रोज दुपारी देवळात जाऊन तिनेच परत येते.

जूनपासून ही बस देवदारांच्या वळणावर थांबायला लागली. तिथे थांबा नाही, घर नाही, हे तुला ठाऊकच आहे. तरी थांबते. दार उघडतं. "सावकाश चढा, बसून घ्या," असा तो ठरलेला आवाज येतो. पडद्यावर रस्त्याच्या डाव्या कडेला एक बाहुली उभी असते, आणि काचेतून पाहावं तर नुसती ओली माती आणि नेचे. मग बाहुली पडद्यावरून नाहीशी होते. तरीही बस हलत नाही. सगळे बसल्याशिवाय ती हलतच नाही. थोड्या वेळाने दार मिटतं. पहिल्या दिवशी मी शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. का घेतली, सांगता येणार नाही.

शेजारच्या तोकुए काकू म्हणाल्या, "अगं कियोनो, यंत्रालासुद्धा दिसायला लागलं बघ! मला मेलीला चष्मा लावून ताटातला मासा दिसत नाही." सगळे हसले, पण त्यानंतर दोघीजणींनी बस सोडली. मुलाच्या गाडीतून बाजाराला जातात.

मग विद्यापीठातला मिनेगिशी नावाचा इंजिनियर घरी आला. तुझ्याच वयाचा, जेवण वेळेवर न मिळाल्यासारखा दिसतो. त्याला सातूचा गार चहा दिला. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडला, आणि त्यात बाबा. टोपी, पांढरे हातमोजे. ते गेल्यापासून मी त्यांना हलताना पाहिलं नव्हतं.

त्यांची ती सवय आठवते ना? प्रत्येक वळणावर बोट दाखवून मोठ्याने बोलायचे. घरीसुद्धा "गॅस बंद! कडी लावली!" आणि तू पाठीमागून त्यांची नक्कल करायचीस. तसेच बोलत होते. "उजवीकडे कोणी नाही! डावीकडे कोणी नाही!" मग देवदारांचं वळण आलं. त्यांनी डावीकडे बोट केलं, आणि तोंड मिटलेलं. बस सावकाश पुढे गेली.

"हे दुसऱ्या दिवसाचं," मिनेगिशी म्हणाला. "हे बर्फातलं. हे त्यांच्या शेवटच्या आठवड्यातलं. रोज बोट दाखवतात आणि इथेच बोलत नाहीत. का, काकू?"

"घसा बसला असेल," मी म्हटलं.

"दोन वर्षं?" तो म्हणाला. "बस त्यांच्याकडूनच शिकली. ते 'कोणी नाही' म्हणाले तिथे कोणी नाही. इथे बोट दाखवलं आणि म्हणाले नाहीत. तिने धरून घेतलं की इथे कोणीतरी आहे."

"पण तिला तिचे डोळे आहेत ना?"

"आहेत. डोळ्यांपेक्षा तिचा गुरूवर जास्त विश्वास बसलाय." मग जरा संकोचून म्हणाला, "एवढं एक आम्ही पुसून टाकतो. पण ते त्यांचं आहे, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."

मी म्हटलं, पितर येऊन जाऊ देत, मग बोलू.

हे सगळं समजण्यासारखं होतं. पण गेल्या मंगळवारी बाहुलीने हात वर केला.

मी मिनेगिशीला फोन केला. तो म्हणाला, "काकू, ती बाहुली एकाच ठशाची आहे. आम्ही तिला वेगळे हात काढलेलेच नाहीत." पण मी एकटीने पाहिलं नाही. तोकुए काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

"अस्साच," त्या म्हणाल्या. "अस्साच वर केला होता पोरीने. मी मागच्या बाकावर होते गं. म्हटलं, अहो शिगेहारू, मिचिरु उभी आहे, बॅग आहे हातात. तर म्हणाले, इथे थांबा नाही. बस निघून गेली की मुकाट घरी जाईल."

तू घर सोडलंस त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं होतं, रस्त्यात ती दिसली का? हात धूत म्हणाले, "कोणी नव्हतं." मिचिरु, मला हे आत्ता कळतं आहे. तू मागच्या पायवाटेने गेलीस एवढंच मला माहीत होतं. बर्फात हात वर करून उभी होतीस, आणि बस तुझ्या बापाची होती, हे माहीत नव्हतं.

ते पुन्हा त्या वळणावर "कोणी नाही" म्हणू शकले नाहीत. थांबूही शकले नाहीत. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही.

तोकुए काकू म्हणतात, "उदबत्ती लाव तिथे. जिवंत माणूस असं दिसत नाही." त्यांनी फुलंही आणून दिली. मी ती घरातल्या देव्हाऱ्यात बाबांपुढे ठेवली. वळणावर उदबत्ती लावायची म्हणजे काय ते तुला लिहायला नको. माझ्याने होणार नाही. रोज जपाला बसते, पण देवाचं नाव कशासाठी घ्यायचं, जिवंताच्या रक्षणासाठी की दुसऱ्या कशासाठी, हे गेले पाच-सहा दिवस कळेनासं झालं आहे.

सोळा तारखेला पितर परत जातात. त्या दिवशी मिनेगिशी येईल आणि विचारेल, "काकू, तिथे कोणी नाही ना?" मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

सोबत आपला पत्ता घालून, तिकीट लावून एक कार्ड ठेवलं आहे. यायला नको. राग असेल तर तसाच राहू दे, तो तुझा हक्क आहे. मजकूर लिहायचा नसेल तर नुसतं नाव लिही, पण तुझ्या हाताने. दुसऱ्या कुणाच्या अक्षरातलं कार्ड मला नको.

सोळाच्या आत, उलट टपाली, तू आहेस एवढं कळव.

तुझी,
अजून "कोणी नाही" न म्हटलेली
आई