जांभळाच्या वाईनबरोबर काय खावं?

देहूरोड, ५ जून २०२४

चि. अबोलीस शालनमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चवी फोनवर सांगता येत नाहीत, हे खरंच. पण जांभळाची बुडबुडे येणारी वाईन! आमच्याकडे काही फसफसलेलं दिसलं की बाहेर ओततात, आणि तुम्ही ते गार करून पाहुण्यांपुढे ठेवणार. असो. हॉटेलवाल्यांना ती रुचली नाही तर तुझे मालक कुलदीपराव यंदा जांभूळ घेणारच नाहीत, नुसता आंबा. म्हणजे तुझी वर्षाची मेहनत मोरीत. हे वाचून राहवेना.

माझ्या गळ्यात माळ, तेव्हा थेंबही चाखणार नाही. तुझे काका म्हणाले, मग मी चाखतो. त्यांना त्यांच्या गळ्यातली माळ दाखवली. शेवटी जांभळांचा रस काढला, त्यात सोडा ओतला आणि एकेक पदार्थ लावून पाहिला. पोह्यांबरोबर अगदीच बेचव. भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र फर्स्ट क्लास! तेच ठेव. जांभळांचा खर्च तुझ्या नावावर मांडलाय.

माया आहेच, पत्रांत खंड पाडू नकोस.
शालनमावशी

चाकण, १० जून

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

ठेच्याने घात केला गं! कुलदीपदादांनी आधी आमच्या आमच्यातच चाखून पाहायचं ठरवलं. बुडबुड्यांनी मिरची आणखीच पेटली, दादांच्या नाकाडोळ्यांतून धारा. म्हणाले, ही मावशी आपली आहे की आंबेवाल्यांची? तू रसात साखर घातलीस ना? आमच्या बाटलीत गोडी उरतच नाही, सगळी यीस्ट खाऊन टाकतं.

तुझ्या भाषेत सांगते. आधी आंबट, गूळ घालायचा विसरलेल्या आमटीसारखी. मग कच्चं केळं चावल्यागत जीभ आखडते, आणि गिळल्यावर तोंड कोरडं पडतं. वास मात्र पिकल्या जांभळाचा. बावीस तारखेच्या शनिवारी हॉटेलवाले येतायत. दादा म्हणतात, ही शेवटची संधी. पुन्हा डोकं चालव ना.

रागावू नकोस, जीव असू दे.
तुझी अबोली

देहूरोड, १४ जून

चि. अबोलीस आशीर्वाद.

घातली होती साखर, दोन चमचे. सरबत म्हटलं की हात आपोआप डब्याकडे जातो, त्याला काय करू? या वेळी बिनसाखरेचा केला, सालांसकट वाटून. काकांनी एक घोट घेतला आणि विचारलं, कुणाला ताप आलाय?

मग सुचलं, जांभूळ आपण मीठ लावूनच खातो की! मिठाने तुरटपणा कसा मोडतो गं? तुझ्या पुस्तकांत असेल तर लिही. पण नुसतं मीठ चाटवणार कसं? खारट, तळलेलं आणि बिनमिरचीचं हवं. कोथिंबीर वडी केली, तीळ लावून, मिरचीऐवजी आलं. वर घोट घेतला तर आखडलेली जीभ सुटली आणि वडीचा तेलकटपणाही धुऊन गेला. वडी गरमच हवी, म्हणून शनिवारी उकडून आणते आणि तिथे तळते. मला चाखायचा आग्रह मात्र करायचा नाही.

भेटीची वाट पाहणारी,
मावशी

देहूरोड, २४ जून

चि. अबोलीस आशीर्वाद.

सुखरूप पोचले. हॉटेलच्या त्या मृदुलाबाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. वडीचा तुकडा, घोट, परत तुकडा, परत घोट. मग त्यांनी जांभळाच्या वाईनच्या पेट्या किती मिळतील ते विचारलं, आणि तुझा चेहरा बघता बघता माझी कढईतली वडी करपली. ती मीच खाल्ली, टाकायची कशाला?

एक सांगायचं राहिलं. तुम्ही सगळे त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलात, तेव्हा मी एक भरलेला ग्लास उचलून कानाशी धरला. चाखायचं नाही, पण ऐकायला कुठे बंदी आहे? आत अगदी बारीक तडतड चालली होती, ओल्या वातीची समई पेटताना करते तशी. तुमची पावलं वाजेपर्यंत ऐकत बसले.

आंब्याच्या वाईनचा आवाज निराळा असतो का गं?

उत्तर धाड, आणि माया आहे तशीच राहू दे.
शालनमावशी