बुटक्या स्टुलावरची रांगोळी

१६ डिसें. १९८६, मंगळ.
मार्गळी, म्हणजे इथला धनुर्मास, लागला. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतली आमची गल्ली पहाटेच जागी. सडा घातला, रांगोळी काढली. नेहमीसारखीच उभ्याने, कमरेत वाकून, गुडघे ताठ. शेजारची कमलाम्मा बघत थांबली. साबा, म्हणजे आमच्या तंजावरी मराठी सासूबाई, दारात: "आमची सून गुडघा वाकवत नाही! मुलगी बघायला साताऱ्यास गेलो, तेव्हाच हेरलं मी." (खरंच. पोहे बाजूला ठेवून रांगोळी काढायला लावली होती.) कौतुक झालं. मग दिवसभर गुडघे आणि कंबर नुसती ठणकतेय.
वेंकू रडला तर साबांनीच उचलला. ऑक्टोबरात त्याला झोळीतून घेताना माझा खांदा निखळला आणि तो धपकन परत झोळीतच पडला, देवाची कृपा. तेव्हापासून नऊ महिन्यांच्या पोराला आईनं उचलायची घरात बंदी. मांडीवर आणून देतात, प्रसादासारखा.

१९ डिसें.
हाडवैद्याचं तेल संपलं, उपयोग शून्य. वर "अजून ताणा" म्हणे. शेवटी हे मला इस्पितळात फिजिओथेरपीला घेऊन गेले. सेल्वी मॅडम. माझ्याहून लहानच असेल. अंगठा मनगटाकडे वळवा, कोपर सरळ करा, तळवे जमिनीला टेकवा. मी उत्साहानं सगळं करून दाखवलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात दाखवायचे तसं. टाळ्या नाहीत. तिनं विचारलं, "दुखतं कधीपासून?"
आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. शाळेपासून, म्हटलं. म्हणाली, तुम्ही आळशी नाही, नाटकी नाही. सांधे जन्मापासून सैल आहेत. ताणायचं नाही, भोवतीचे स्नायू बळकट करायचे. चक्क रडले मी. हे खिडकीबाहेर बघत बसले.
मुलाला कधी उचलू? तर म्हणे, "आधी उभं राहायला शिका." अठ्ठावीस वर्षांची घोडी झाले, आणि उभं राहायला शिका!

२३ डिसें.
उभं राहणं भलतंच अवघड. माझे गुडघे मागे जाऊन कुलूप घातल्यासारखे बसतात. ते किंचित वाकलेले ठेवायचे. कोपराचंही तेच. शेवटपर्यंत जायचं नाही, अलीकडे थांबायचं. पण थांबायचं कुठे ते मला कळतच नाही! मॅडम बघत असते आणि वेळेवर म्हणते, "पोदुम." पुरे. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिला शिकलेला तमिळ शब्द. साबा भात वाढायच्या थांबेनात म्हणून.
आणि ताठ गुडघ्यांची रांगोळी बंद. बसून काढा म्हणे. आता हे घरी कोण सांगणार?

२४ डिसें.
मीच सांगितलं. साबा: "मार्गळीत? बसून? अय्यो, गल्ली काय म्हणेल!" आणि रांगोळीचा डबा उचलून आत नेला.

२७ डिसें.
रांगोळी आता साबाच काढतात. उठताना कमरेला हात. मला बघवत नाही, आणि रागही येतो. मी काय मुद्दाम करते? ह्यांचं एकच, "दोघींच्या मध्ये मी पडत नाही." शहाणे आहेत.

२ जाने. १९८७
मॅडमनी उचलणं शिकवायला घेतलंय. ओझं छातीशी, कोपर वाकलेलं, जोर पायांचा. घरी सराव कशावर करायचा? तांदूळ पिशवीत, पिशवी वेंकूच्या दुपट्यात. उचलायची, थांबायचं, ठेवायची. दुपारी करत होते, तर मागे साबा.
"कोणास जोजवतेस?"
"तांदळाला."
हसायला गेले आणि रडूच आलं. म्हटलं, हा चालायला लागायच्या आधी एकदा तरी कडेवर घ्यायचाय हो मला. पिशवीची गाठ सुटत आली होती, ती साबांनी घट्ट बांधून दिली आणि आत गेल्या.

३ जाने.
पहाटे दार उघडलं. उंबऱ्यापाशी न्हाणीतलं बुटकं स्टूल, लख्ख पुसलेलं. शेजारी रांगोळीचा डबा. बसले. काढली. छोटीशीच.
कमलाम्मा थांबलीच. सुनेला काय झालं हो? साबा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात: "कुठे काय! तंजावरच्या राजवाड्यात राण्या बसूनच काढायच्या."
शुद्ध थाप! हसू दाबता दाबता माझी एक पाकळी वाकडी गेली. ती तशीच ठेवली.

२१ जाने.
उचलला!! झोळीतून, स्वतः. साबा हात पसरून खाली तयार, ताटातलं सांडेल की काय अशा. तांदूळ लाथा मारत नाहीत, हा मारतो. मंगळसूत्र धरून ओढलं, नाक चावलं. खांदा जागेवर. गुडघे किंचित वाकलेले, मॅडम शपथ. खिडकीपर्यंत गेलो दोघं. कावळा दाखवला. कुणाकुणाचे आभार मानू आज? मॅडमचे, देवाचे, त्या स्टुलाचे. साबांना नमस्कार केला तर म्हणतात, "पुरे, आधी त्याला नीट धर."

५ फेब्रु., रथसप्तमी
वेंकूचं बोरन्हाण. आमच्या साताऱ्याची रीत, साबांनी हौसेनं केली. मी त्याला मांडीवर घेतलेलं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा. बायका हसतायत. खेळवता खेळवता कमलाम्मानं त्याचा अंगठा मागे वळवला. थेट मनगटाला टेकला. तो खिदळला. "अय्यो, अगदी आईवर गेलाय! पुन्हा, पुन्हा!"
ह्यालाही माझ्यासारखंच असेल का? मॅडमना मागेच विचारलंय: लहान मुलं मऊच असतात, आत्ता काही सांगता येणार नाही, पाय टाकू लागला की बघू.
साबा पुढे आल्या. त्याची मूठ आपल्या मुठीत मिटली. "पोदुम, राजा. पोदुम." कमलाम्माच्या हातावर हलवा ठेवला, विषय संपवला.
संध्याकाळी चुरमुरे झाडताना, माझ्याकडे न बघता: "हा उभा राहील ना, तेव्हा तूच शिकव हां त्यास. मला ते येत नाही."